आधी खोली, मग माइक

घरी गाणं, अभंग, कथावाचन किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करणाऱ्यांपैकी ज्यांचा नवा माइक घ्यायचा बेत आहे, त्यांनी तो महिनाभर पुढे ढकलावा अशी माझी विनंती आहे. आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, शब्द एकमेकांत मिसळतात, खर्जात नुसतं घुमतं, वरच्या स्वरांना बोचरी धार येते, अशा तक्रारी घेऊन लोक दुकानात जातात आणि महागडा कंडेन्सर माइक घेऊन येतात. त्यानं तक्रार मिटत नाही, बहुतेक वेळा वाढते. चांगला माइक तुमचा गळा जितक्या बारकाईनं टिपतो, तितक्याच बारकाईनं तुमच्या भिंतींवरून परतलेला आवाजही टिपतो. खोली बिघडलेली असेल तर माइक कितीही भारी घ्या, तो बिघाडच अधिक स्वच्छ ऐकू येतो.

आपल्या घरांची बांधणी या कामाला प्रतिकूल आहे, हे आधी मान्य करू. विटांच्या भिंती, त्यांवर प्लास्टर आणि पुट्टी, खाली गुळगुळीत टाइल, वर सिमेंटचा स्लॅब. यांपैकी कशावरही आदळलेला आवाज जवळजवळ सगळाच परत येतो. शंभरातले दोन-तीन भाग शोषले गेले तर गेले. अमेरिकेतले जे व्हिडिओ बघून आपण शिकतो, त्यातल्या खोल्या बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड ठोकून केलेल्या असतात आणि जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असतं. तशी पोकळ भिंत खर्जाच्या आवाजानं थोडी थरथरते आणि त्या थरथरण्यात त्या आवाजाचा बराच जोर खर्ची पडतो. आपली नऊ इंची भिंत थरथरत नाही. त्यामुळे तिकडे जेवढ्या उपायांवर भागतं तेवढ्यावर आपलं भागत नाही, आणि त्यांचे सल्ले जसेच्या तसे उचलले की पैसे वाया जातात.

दुसरी एक गल्लत फार ठिकाणी होते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम आणि आतल्या आवाजाचं घुमणं कमी करणं हे अगदी निराळं काम. पहिल्याला वजन लागतं: जाड भिंत, जड दार, फटी बुजवणं. दुसऱ्याला मऊ, सच्छिद्र आणि जाड वस्तू लागते, जिच्यात हवा शिरते आणि धाग्याधाग्यांशी घासून आवाजाची ऊर्जा उष्णतेत विरते. मऊ वस्तू भिंतीला लावून शेजारच्यांचा टीव्ही बंद होणार नाही, की तुमचा तबला त्यांना ऐकू यायचा थांबणार नाही. कोणी फोमचे तुकडे दाखवून ‘साउंडप्रूफ’ म्हणत असेल तर ते घेऊ नका.

बाहेरच्या गोंगाटावर स्वस्तातला उपाय म्हणजे फटी आणि वेळ. जिथून हवा येते तिथून आवाज येतो. दाराच्या चौकटीला रबरी पट्टी लावा आणि खालच्या फटीला ब्रशची किंवा रबराची पट्टी. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या फार गळक्या असतात. शक्य असेल तर खिडकीच्या मापाचा १८ मिलिमीटरचा प्लायवूड कापून, कडेनं रबर चिकटवून, रेकॉर्डिंगपुरता घट्ट बसवा. काम झालं की काढून ठेवा, कारण उजेड आणि वारा माणसाला हवाच. बाकी कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची हाक, कावळे, शाळेच्या बसचा हॉर्न यांना तुम्ही भिंतींनी हरवू शकणार नाही. रात्री साडेअकरानंतर किंवा पहाटे पाचला रेकॉर्ड करा. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, लॅपटॉप माइकच्या पाठीमागे. एवढ्यावर हा विषय मी इथे सोडतो, कारण भाड्याच्या किंवा सोसायटीतल्या घरात यापुढचं साउंडप्रूफिंग परवडत नाही. खोलीचं घुमणं मात्र परवडणाऱ्या पैशांत खरोखर ताब्यात येतं.

खोलीचा घुमारा मोजण्याचं शास्त्र गादीवरच जन्मलं, हे सांगितलं तर अनेकांना नवल वाटेल. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात एक नवं व्याख्यानगृह उघडलं आणि तिथे बोललेलं कोणालाच कळेना. एक शब्द संपल्यावर पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर वक्ता पुढची दोन वाक्यं बोलून मोकळा झालेला असे. वॉलेस क्लेमेंट सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम सोपवलं गेलं. त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर रात्री त्या एकेक करून व्याख्यानगृहात मांडल्या आणि ऑर्गनची नळी वाजवून, हातात घड्याळ धरून, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. गाद्या वाढल्या की वेळ घटत होता, आणि तो ठरावीक हिशेबानं घटत होता. त्या हिशेबाचं सूत्र आजही जगभर वापरतात. १९०० मध्ये उघडलेलं बॉस्टनचं सिम्फनी हॉल त्याच सूत्राच्या आधारानं बांधलं गेलं.

हे सूत्र घरी वापरण्याइतकं सोपं आहे. खोलीचं घनफळ घनफुटांत काढा, त्याला ०.०४९ नं गुणा आणि खोलीतल्या शोषक पृष्ठभागाच्या चौरसफुटांनी भागा. १० फूट बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली घेऊ. घनफळ १२०० घनफूट. भिंती, छत, जमीन मिळून ६८० चौरसफूट, आणि त्यांची शोषणशक्ती शेकडा तीन धरली तर खरं शोषक क्षेत्र जेमतेम २० चौरसफूट. उत्तर येतं २.९ सेकंद. दार, खिडकी आणि आत बसलेला माणूस यांच्यामुळे प्रत्यक्षात ते थोडं कमी भरतं, पण बोलण्या-गाण्याच्या रेकॉर्डिंगला एवढ्या खोलीत ०.३ ते ०.५ सेकंद हवेत, म्हणजे आपण फार लांब आहोत. आता त्याच खोलीत गादीसकट पलंग ठेवा, खिडकीच्या भिंतीला दाट चुण्यांचा जाड पडदा सोडा आणि आवाज शोषणारी ४ फूट बाय २ फुटांची आठ जाड पॅनेलं लावा. शोषक क्षेत्र १३० चौरसफुटांच्या आसपास जातं आणि घुमणं अर्ध्या सेकंदाच्या आत येतं. आठ पॅनेलं आणि घरातलं सामान. यासाठी चारही भिंती मढवाव्या लागत नाहीत.

मात्र यातला ‘जाड’ हा शब्द सोडू नका. या सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही: पातळ वस्तू खूप पसरण्यापेक्षा जाड वस्तू मोजक्या जागी ठेवा. सबाइनचं सूत्र जाडीबद्दल काही बोलत नाही, पण आवाजाच्या लहरींना लांबी असते. १००० हर्ट्झच्या लहरीची लांबी फुटाहून थोडी जास्त, १०० हर्ट्झच्या लहरीची सव्वाअकरा फूट. शोषकाची जाडी आणि त्याच्यामागची मोकळी जागा मिळून लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाजवळ गेली की तो पूर्ण ताकदीनं काम करतो. त्याच्या निम्म्यापर्यंतही बरं करतो, त्याखाली झपाट्यानं निकामी होतो. एक इंची फोम म्हणजे फक्त वरच्या पट्टीतल्या आवाजाचा शोषक. पुरुषाच्या बोलण्याचा पाया १०० ते १५० हर्ट्झला असतो, आणि आवाजाचं अंग, भरदारपणा, ऊब हे सगळं २०० ते ५०० च्या भागात. तिथे एक इंची फोम काहीच करत नाही. तो फक्त ‘स’ आणि ‘श’ची चमक खातो. म्हणून फोमनं मढवलेल्या खोलीतलं रेकॉर्डिंग वरून मिटलेलं आणि खालून घुमणारं येतं, आणि ते रिकाम्या खोलीपेक्षाही दुरुस्त करायला कठीण असतं.

अंड्यांच्या ट्रेबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण गावोगावी अजून ते लावले जातात. कागदाच्या लगद्याचा तो पातळ पापुद्रा मधल्या पट्टीचा थोडासा आवाज इकडेतिकडे करतो, खर्जाला तर त्याचा पत्ताही लागत नाही. थर्मोकोल त्याहून निरुपयोगी. त्यातल्या हवेच्या कप्प्यांची तोंडं बंद असतात, आवाज आत शिरतच नाही. आणि या दोन्ही वस्तू, तसाच साधा फोम, आग पकडतात. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वेस्ट वॉर्विक इथल्या ‘द स्टेशन’ नावाच्या नाइटक्लबमध्ये २० फेब्रुवारी २००३ रोजी मंचावरच्या आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या फोमला लागली. आवाज अडवण्यासाठी लावलेला तो फोम काही मिनिटांत भडकला आणि १०० माणसं मेली. आपल्या छोट्या खोलीत एकच दार, लोखंडी जाळीची खिडकी, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चार चार्जर. तिथे स्वस्त फोम चारही बाजूंनी चिकटवू नका. ही मी सूचना म्हणून लिहीत नाही, आग्रहानं सांगतो आहे.

मग काय लावायचं? पैसे थोडे असतील तर रॉकवूल. कारखान्यातल्या भट्ट्या, एसीचे डक्ट यांना उष्णतारोधक म्हणून ते वापरतात आणि त्याच मालाच्या घाऊक दुकानात ते मिळतं. ‘अकूस्टिक’ असं नाव असलेल्या दुकानात तीच वस्तू कापड चढवून कितीतरी महाग मिळते. घनमीटरला ४८ किलो घनतेचे, ५० मिलिमीटर जाडीचे स्लॅब मागा. दोन एकमेकांवर ठेवले की चार इंच होतात. ते जळत नाहीत. ग्लासवूलही चालतं, फक्त सैल गुंडाळी न घेता घट्ट बोर्ड घ्या. हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क हवाच, कारण त्याचे बारीक तंतू त्वचेला आणि घशाला खाजवतात. एकदा कापडात नीट बंद झालं की त्रास उरत नाही.

पॅनेलची चौकट सुताराकडून स्वस्त पाइनच्या पट्ट्यांची करून घ्या, किंवा स्वतः ठोका. आतून मापं रॉकवूलच्या स्लॅबपेक्षा किंचित कमी ठेवली की स्लॅब आपोआप घट्ट बसतो. पाठीमागे प्लायवूड लावू नका, पाठ उघडी राहू द्या, फक्त कापड ताणा. कापड कोणतं, याची परीक्षा सोपी आहे: तोंडासमोर धरून फुंकर मारा. पलीकडे हाताला वारा लागला तर आवाजही जाईल. मांजरपाट उत्तम, खादी उत्तम, विरळ विणीचं गोणपाटही चांगलं. रेक्झिन, सॅटिन, प्लास्टिकचा थर असलेलं पडद्याचं कापड नको. पॅनेल भिंतीला चिकटवून लावण्याऐवजी मागे चार इंच जागा सोडा. त्या रिकाम्या जागेला पैसे पडत नाहीत आणि चार इंचाचं पॅनेल त्यामुळे बरंच खालपर्यंत, २०० हर्ट्झच्या आसपासपर्यंत, काम करू लागतं.

तेही परवडत नसेल तर आपल्या घरात जे आहे ते कमी नाही. जुन्या साड्यांचे पदरावर पदर घालून शिवलेल्या गोधड्या, घोंगडी, कापसाच्या गाद्या, लोड. यातली एक गोधडी भिंतीवर सपाट ठोकली तर फारसा उपयोग नाही. पण कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडवर दोन-तीन गोधड्या एकावर एक टाका आणि तो स्टँड भिंतीपासून फूटभर पुढे उभा करा, फरक लगेच कळतो. भाड्याच्या घरात भोकं पाडायची सोय नसते, त्यांच्यासाठी ही सगळ्यात चांगली युक्ती आहे. पलंगावरची गादी रेकॉर्डिंगपुरती उचलून गाणाऱ्याच्या मागे भिंतीला तिरकी उभी करा. गादी कारखान्यात जुना कापूस पिंजून, मांजरपाटाच्या खोळीत ४ फूट बाय २ फुटांच्या चार-पाच इंची गाद्या भरून मिळतात. कापूस ठासून भरू नका असं मात्र सांगावं लागतं, कारण गादीवाल्याची सवय ठासून भरायची असते आणि ठासलेल्या कापसात हवा शिरत नाही. कापूस पेट घेतो, तेव्हा तो दिव्यांपासून आणि वायरिंगपासून लांब.

कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी पावसाचाही विचार करावा. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कापूस दमट होतो, कुबट वास लागतो, कधी वाळवी. तिथे रॉकवूलला पैसे घातलेले परवडतात. कापूसच वापरणार असाल तर पॅनेलं खुंटीवर अडकवलेली, सहज काढता येणारी ठेवा आणि ऊन पडलं की बाहेर काढा. मागे सोडलेली जागा इथेही कामाला येते, भिंतीची ओल थेट पोचत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कुठे ठेवायचं. दुकानांत माइकच्या पाठीमागे लावायची अर्धगोल ढाल मिळते आणि ती भरपूर खपते. पण आपण वापरतो तो कार्डिऑइड माइक मागचं फार कमी ऐकतो, समोरचं ऐकतो. त्याच्या समोर तुम्ही आहात, आणि तुमच्या मागे भिंत आहे. तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परत आलेला आवाज थेट माइकच्या तोंडात शिरतो. म्हणून सर्वात जाड, सर्वात मोठं पॅनेल किंवा गादी गाणाऱ्याच्या पाठीमागे. त्यानंतर दोन्ही बाजूंना, त्यानंतर डोक्यावर. ढालीचे पैसे यात घाला.

उंचीचा प्रश्न परदेशी पुस्तकांत सुटलेला नाही, कारण तिथे माणूस उभा राहून किंवा खुर्चीवर बसून गातो. आपल्याकडे गायक, हार्मोनियमवाले, तबलजी मांडी घालून बसतात. तोंड जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर, तबल्याचं तोंड फूटभरावर. आणि पॅनेलं लावलेली असतात उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर, चित्राच्या फ्रेमसारखी. मग त्यांच्या खालची उघडी भिंत सगळा आवाज परतवते आणि लोक म्हणतात, एवढा खर्च करून काही फरक पडला नाही. बैठकीचं गाणं असेल तर ४ फुटांचं पॅनेल उभं लावा आणि त्याची खालची कड जमिनीपासून फूटभरच वर ठेवा. नेमकी जागा शोधायला आरसा वापरा: गाणारा त्याच्या जागी बसतो, दुसरा माणूस भिंतीवरून आरसा सरकवत नेतो, आणि माइकच्या जागी डोळा लावून बसलेल्या तिसऱ्याला ज्या ठिकाणी गाणाऱ्याचं तोंड आरशात दिसतं, तिथे पॅनेल. आवाज आरशातल्या उजेडासारखाच परततो. खाली सतरंजीऐवजी जाड गादी अंथरा, ती जमिनीवरून उठणारं परावर्तन अडवते. तबला एकटा असेल तर मात्र त्याच्याभोवती थोडी टाइल उघडी ठेवलेली मला आवडते. चाटेचा नाद मोकळा येतो.

खर्जाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो संगीतवाल्यांना स्वरांच्या भाषेत सहज कळेल. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक कंपनसंख्या अडकून फुगतात. १० फुटांच्या अंतरात साधारण ५६ हर्ट्झ, त्याची दुप्पट ११३, तिप्पट १७०. आता काळी एकचा गायक घ्या. त्याचा षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ, मंद्रातला कोमल धैवत ११० ला आणि शुद्ध धैवत ११६-११७ ला. म्हणजे १० फुटांच्या खोलीत तो मंद्रात उतरला की धैवताच्या आसपास आवाज अचानक फुगतो. गायकाला वाटतं गळा लागला, रेकॉर्डिंगमध्ये तो एक स्वर बाकीच्यांवर चढून बसलेला असतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही १० फूट असतील तर तिन्ही दिशांना तेच आकडे येतात आणि त्रास तिपटीनं वाढतो. निवड करता येत असेल तर चौकोनी ठोकळ्यासारखी खोली टाळा, १० बाय १३ घ्या. घरातली खोली तपासायची असेल तर कोपऱ्यात तोंड करून मंद्र सप्तक हळूहळू उतरा, कुठला स्वर फुगतो ते कानाला लगेच सांगता येईल.

या खर्जाचा जोर सर्वात जास्त कोपऱ्यांत असतो, त्यामुळे उपायही कोपऱ्यातच. दोन भिंतींच्या सांध्यावर जाड पॅनेल तिरकं उभं करा, मागची त्रिकोणी जागा मोकळी सोडा किंवा उरलेल्या रॉकवूलनं भरा. नाहीतर कापसाची जुनी गादी गुंडाळून, दोरीनं बांधून कोपऱ्यात उभी करा. चार कोपऱ्यांत चार झाल्या तर खोलीचा स्वभाव बदलतो. खरं सांगायचं तर ५६ हर्ट्झला हे पूर्ण आवरणार नाही, त्याला याहून कितीतरी जास्त जाडी लागते. त्या खालच्या भागासाठी बसण्याची जागा बदलणं हा फुकटचा आणि प्रभावी उपाय. खोलीच्या बरोबर मधोमध बसू नका, भिंतीला टेकूनही नको. लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे १२ फुटांच्या खोलीत एका भिंतीपासून साडेचार फुटांवर सुरुवात करा आणि तिथून कान देत थोडं पुढे-मागे सरका. मिक्सिंगसाठी स्पीकर असतील तर हीच जागा ऐकण्याचीही, आणि खर्जाचा निर्णय स्पीकरवर न घेता चांगल्या हेडफोनवर घ्या.

मग माइकपासूनचं अंतर. माइक दोन फुटांवरून एका फुटावर आणला की तुमचा थेट आवाज सहा डेसिबलनं वाढतो, खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. पैसे न घालता घुमारा थेट आवाजाच्या तुलनेत निम्म्यावर आणण्याचा हा मार्ग आहे. बोलण्यासाठी सहा-सात इंच, मध्ये पॉप फिल्टर, तोंडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो, तेवढं बघा. केवळ बोलायचंच असेल, म्हणजे ऑडिओबुक किंवा पॉडकास्ट, तर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून, त्याच्याकडे पाठ करून, बाजूंना गोधड्यांचे दोन स्टँड लावून बसा. माइकच्या नजरेसमोर मग कपडेच कपडे येतात. इतक्यावर अनेकांचं काम भागेल आणि पॅनेलं करायची गरजही पडणार नाही.

सुधारणा झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. काहीही हलवण्याआधी एक परिच्छेद वाचून आणि एक आलाप घेऊन रेकॉर्ड करा, तोच माइक, तेच अंतर, तीच पातळी. एकेक बदल केल्यावर पुन्हा तेच वाचा. हेडफोनवर दोन्ही ऐका. टाळी वाजवून ऐकणं ही पहिली चाचणी. टाळीनंतर भिंतींमधून फडफड ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंती शोधा आणि त्यातली एक झाका. संगणकाची थोडी सवय असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, ते आलेखावर घुमारा दाखवतं. घुमारा पुसणारी सॉफ्टवेअर आली आहेत खरी, पण ती आवाजाची कडही थोडी खरवडतात. कोरड्या आवाजाला नंतर देवळाचा किंवा सभागृहाचा घुमारा हवा तेवढा देता येतो. रेकॉर्डिंगमध्ये मुरलेला खोलीचा घुमारा स्वच्छ काढता येत नाही.

थांबायचं कुठे हेही सांगतो. शब्द स्पष्ट झाले, फडफड गेली, एखादा स्वर उगाच फुगेनासा झाला, की थांबा. सगळ्या भिंती मढवल्या की खोलीत बसवत नाही आणि गाणाऱ्याचा गळा लागत नाही, तो जोर लावू लागतो. एक भिंत पुस्तकांच्या उघड्या फळ्यांसाठी ठेवा. आणि काही रेकॉर्डिंगना हे काहीच लागत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह केला, तो गावोगावी बायकांच्या घरी जाऊन. आजीच्या तोंडची ओवी घ्यायची असेल तर तिला गोधड्यांच्या गराड्यात बसवू नका. तिच्या पडवीत, तिच्या शेजारणींसोबत घ्या, माइक तेवढा जवळ धरा.

शेवटी एक आवाहन, ज्यांच्याकडे जागा आहे त्यांना. गावातलं वाचनालय, शाळा, भजनी मंडळ, नाट्यसंस्था यांच्याकडे एखादी वापरात नसलेली खोली बहुधा असते. आठ पॅनेलं, चार कोपऱ्यांतल्या गाद्या, दाराला रबरी पट्टी आणि एक साधा माइक एवढ्यावर ती खोली सगळ्यांच्या कामाची होईल. जिच्या दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहतात, अशा मुलीला स्वतःच्या घरात ही व्यवस्था कधीच करता येणार नाही. पावसाळा संपला की दिवाळीच्या आत अशी एक खोली तुमच्या गावात उभी करा, तिची किल्ली एका जबाबदार माणसाकडे ठेवा आणि तासाचं भाडं घेऊ नका.